गेम सुरू झाला की पीसी रीस्टार्ट: दोष एसएमपीएसचा निघाला (माझा अनुभव)

भाच्याच्या पीसीत आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि नवंच दुखणं सुरू झालं. ब्राउझर, सिनेमे सगळं व्यवस्थित. गेम लावला की स्क्रीन काळी आणि पीसी थेट रीस्टार्ट. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, दर वेळी कर्नल-पॉवर ४१. ही नोंद एवढंच सांगते की विंडोज नीट बंद झालं नाही. कारण आपणच शोधायचं. तापमान पाहिलं, ठीक होतं.

मग कॅबिनेट उघडून एसएमपीएसचं, म्हणजे पीसीच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचं, लेबल वाचलं. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट, पण खालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर फक्त १८ अँपिअर. म्हणजे १२ गुणिले १८, अवघे २१६ वॅट! प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टवरून ओढतात. कार्ड एकटंच १७० वॅटचं, रायझन ५ ५६०० प्रोसेसर सुमारे ७६ वॅटपर्यंत जातो, शिवाय कार्ड क्षणभर अचानक जास्त वीज ओढतं ते वेगळंच. ठळक आकड्यावर विसंबून खरेदी करू नका, हे मी कळकळीने सांगतो.

एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. आम्ही तेवढाच घेतला, पण १२ व्होल्टवर ४५ अँपिअर देणारा. कार्डाला वीज द्यायला दुकानदार मोलेक्सचा (जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या वायरचा) जोड देत होता, तो नको म्हटलं. असे जोड जास्त करंटला तापू शकतात. आठ पिनांची वायर थेट एसएमपीएसमधून लावली. आता गेम तासन्‌तास चालतो.