गॅपवाल्याचा रेझ्युमे

बी.ई. मेकॅनिकल झाल्यावर चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला दोन वर्षं काढली. २०१८ला राजीनामा दिला आणि सदाशिव पेठेत अभ्यासिका लावली. राज्यसेवेच्या दोन मुख्य परीक्षा दिल्या, यादीत नाव काही लागलं नाही. २०२२ला पुन्हा कंपन्यांकडे वळलो, तेव्हा या चार वर्षांचं रेझ्युमेत करायचं काय, इथेच अडलो.

मित्र म्हणाला, स्किलवाला फॉरमॅट टाक. वर कौशल्यांचे मथळे, तारखा पार शेवटी, बारीक अक्षरात. टाकला. पहिल्याच इंटरव्ह्यूला साहेबांनी पान उलटलं, परत सुलटं केलं, त्या बारीक ओळीवर पेन टेकवलं आणि विचारलं, "२०१८ नंतर कुठे होतात?" सगळा वेळ त्यातच गेला. पीपीएपी (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याची प्रक्रिया), रिजेक्शन, कशाचा विषयच निघाला नाही.

मग मिश्र मांडणी केली. वर चार ओळींत स्वतः केलेलं काम: इन-प्रोसेस इन्स्पेक्शन, पीपीएपीची कागदपत्रं, कस्टमर कंप्लेंटचे एट-डी रिपोर्ट (आठ टप्प्यांत कारण शोधून उपाय मांडणारे). खाली अनुभव, ताजा आधी. त्यात पहिलीच ओळ, नोकरीच्या ओळीइतकीच ठळक: "जून २०१८ ते मे २०२२ : राज्यसेवेची तयारी, दोनदा मुख्य परीक्षा". पुढच्या ठिकाणी त्यावर एकच प्रश्न आला, "परत परीक्षेला बसणार का?" याचं उत्तर घरूनच ठरवून जा.

सलग एकाच लाइनची नोकरी असेल तर हा खटाटोप नको, साधा तारीखवार रेझ्युमे पुरतो. फ्रेशरने शिक्षण आणि प्रोजेक्ट वर घ्यावेत. ठेकेदाराच्या पेरोलवर तीन-चार प्लांट फिरलेल्यांनी ते सगळं त्या ठेकेदाराच्या नावाखाली एकत्र लिहावं. प्लांटचं नाव मालक म्हणून लावू नका आणि महिने ताणू नका. पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत कोणाकडे कधी लागलात, कधी सोडलं, हे दिसतं आणि व्हेरिफिकेशनवाले तिथेच बघतात.

वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती काढून टाका. स्थळ बघायला चाललेलो नाही आपण.

दोन कॉलमचे रंगीत टेम्प्लेट दिसतात झकास. पण नोकरीच्या पोर्टलवर चढवण्याआधी त्यातला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघा, पोर्टलला तो साधारण कसा वाचता येईल ते कळतं. माझ्या मोबाइल नंबरचे शेवटचे पाच आकडे कंपनीच्या नावाला चिकटले होते.