फळी लहरी का येते? छोट्या आरामशीनवर ओंडके कापताना या चुका टाळा

काटोलकडचे एक काकाजी गेल्या नोव्हेंबरात धुऱ्यावरचे पाच साग घेऊन आमच्याकडे आले. झाडं त्यांच्या वडिलांनी लावलेली, आणि त्यातून आता मुलाच्या घराच्या चौकटी आणि दारं करायची होती. आधी एक ओंडका त्यांनी दुसरीकडे कापून पाहिला होता. त्यातली एक फळी सोबत आणलेली. ती डोळ्यासमोर आडवी धरून म्हणाले, "हे पाहा भाऊ, लहरीच लहरी. रंधा मारून मारून अर्धी गेली. आता मशीनले दोष द्याव का लाकडाले?"

चाकांवरच्या छोट्या बँड आरामशीनवर, म्हणजे पट्ट्यासारखं ब्लेड गोल फिरणाऱ्या मशीनवर, काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. माझं मत असं, की बिघडलेली फळी नीट पाहिली तर चूक कुठे झाली ते तीच सांगते. पण आपण तिच्याकडे पाहायच्या आधीच पाना घेऊन मशीनचे सगळे बोल्ट फिरवायला लागतो, आणि मग मूळ दोष कोणता होता हे कधीच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, एक फळी काढा, पाहा. मग पुढची गोष्ट.

लहर आली की आधी ब्लेड बदला

लहरीची कारणं चार-पाचच आहेत: बोथट ब्लेड, कमी ताण, दातांचा सेट (दात दोन्ही बाजूंना वाकवलेले असतात तो कल) गेलेला, ब्लेड लाकडात ढकलण्याचा वेग चुकलेला, किंवा ब्लेडला सरळ धरणाऱ्या गाईडचे रोलर तिरपे. यातलं सर्वांत जास्त वेळा आढळणारं आणि तपासायला सर्वांत सोपं कारण म्हणजे ब्लेड. नवं किंवा ताजी धार लावलेलं ब्लेड चढवा आणि त्याच ओंडक्यातून एक फळी काढा. सरळ आली तर विषय संपला. तरीही लहर राहिली तरच ताणाकडे आणि गाईडकडे वळा. मी अनेकांना उलटं करताना पाहिलं आहे. ब्लेड महाग म्हणून ते शेवटपर्यंत बदलत नाहीत, आणि तेवढ्यात सागाच्या चार फळ्या वाया घालवतात. चार फळ्यांच्या किमतीत ब्लेडला किती वेळा धार लावून होईल, याचा हिशेब करा.

सागाच्या लाकडात बारीक सिलिका असते, म्हणून तो हाताला मऊ वाटला तरी ब्लेडची धार लवकर खातो. वाळलेल्या बाभळीचं तर विचारूच नका. तास-दोन तासांच्या कापणीनंतर ब्लेड उतरवून धारेला द्यायचं, हा नियम आम्ही पाळतो. "अजून कापतंय ना" या भरवशावर चालवलेलं ब्लेड आधी लहर देतं आणि मग तुटतं.

भुशावर नजर ठेवा. चांगला काप चालू असतो तेव्हा भुसा रव्यासारखा पडतो, चिमटीत दाणा लागतो. तो मैद्यासारखा बारीक आणि हाताला गरम लागला, तर एक तर धार गेली आहे किंवा तुम्ही फार हळू ढकलता आहात. हळू ढकललं की काप चांगला येतो हा गैरसमज फार पसरलेला आहे. दाताला चावायला लाकूडच मिळालं नाही तर तो नुसता घासतो. बारीक भुसा दातांच्या खाचेत न थांबता ब्लेड आणि लाकडाच्या मधे शिरतो, तिथे घट्ट बसतो, ब्लेड तापतं, ताण ढिला पडतो आणि ब्लेड वर-खाली पळायला लागतं. ब्लेडवर थेंब थेंब पाणी सोडा, त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. चिकाचं लाकूड असेल तर हे विसरूच नका.

सगळ्या फळ्या एकाच दिशेने, म्हणजे सतत वरच किंवा सतत खालीच जात असतील, तर ती वेगळी खूण आहे. खिळ्याला घासून एका बाजूच्या दातांचा सेट गेलेला असतो आणि ब्लेड दुसऱ्या बाजूला ओढलं जातं. नाहीतर रोलर तिरपा बसलेला असतो. हे तपासायला माझ्याकडे एक फूटभर लोखंडी पट्टी आहे. मशीन बंद करून, स्पार्क प्लगची वायर काढून, ती पट्टी ब्लेडच्या रुंदीला आडवी चिकटवतो. पट्टी दातांवर टेकता कामा नये, दोन दातांच्या मधल्या सपाट भागावर बसली पाहिजे, नाहीतर सेटचीच उंची मोजली जाते. मग पट्टीच्या पुढच्या टोकापासून, ओंडका ज्यावर ठेवतात त्या बेडपर्यंत आणि मागच्या टोकापासून बेडपर्यंत मोजायचं. दोन्ही मापं सारखी हवीत. अर्ध्या सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक दिसला तरी रोलरचा स्क्रू हलवावा लागतो. हेच माप दुसऱ्या रोलरपाशीही घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण लहरीमागे दिवसदिवस घालवणाऱ्या निम्म्या लोकांनी ते एकदाही केलेलं नसतं.

आणखी एक: सरकणारा गाईड ओंडक्याच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा. अरुंद ओंडक्यावर तो दीड फूट लांब उभा ठेवला तर मधलं ब्लेड मोकळंच राहतं, आणि गाठ आली की झोल खातं. काम संपलं की ब्लेडचा ताण सोडा. तापलेलं ब्लेड थंड होताना आखडतं. रात्रभर तसंच ताणून ठेवलं तर त्याला बारीक चिरा पडतात आणि चाकावरचे रबरी पट्टेही दबून खड्डे पडतात.

काळी माती आणि बेड

हे आमच्या भागाचं खास दुखणं. एका टोकाला फळी नऊ सूत आणि दुसऱ्या टोकाला आठ सूत येत असेल, तर ब्लेडला हात लावू नका, बेड तपासा. नागपूरच्या आसपासची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मे महिन्यात लेव्हल लावून बसवलेली मशीन पहिल्या दोन पावसांत एका कोपऱ्याने खाली जाते, आणि वर ओंडक्याचा टनभर भार. बेडला पीळ बसला की प्रत्येक फळीत तो उतरतो. खाली मुरूम ठोकून घ्या, त्यावर जुने लाकडी स्लीपर किंवा काँक्रीटचे ठोकळे ठेवा. लेव्हल पाइपमध्ये पाणी भरून चारही कोपरे बघा आणि बेडच्या लांबीत दोरी ताणून मधला झोल पाहा. पावसाळ्यात आम्ही दर सोमवारी हे करतो.

खिळे, तारा आणि माती

शहरातल्या रस्त्याकडेच्या कडुनिंबाचा बुंधा कापायला घेताना मला अजूनही धास्ती वाटते. पाट्या, बॅनर, दिव्यांच्या माळा, कपडे वाळत घालायच्या तारा, सगळं त्या झाडाने वर्षानुवर्षं पोटात घेतलेलं असतं. झाड वाढलं म्हणून खिळा वर सरकत नाही. ज्या उंचीवर ठोकला त्याच उंचीवर राहतो, फक्त दरवर्षी थोडा आणखी आत गाडला जातो. म्हणून जमिनीपासून सहा-सात फुटांपर्यंतचा बुंधा, जिथवर माणसाचा हात पोहोचतो, तोच सगळ्यात धोक्याचा. दारावर तपासणीसाठी वापरतात तसला हातातला मेटल डिटेक्टर घ्या, आणि पहिली फळी काढल्यावर पुन्हा फिरवा, कारण खोलवरचा खिळा बाहेरून कळत नाही. बाभूळ किंवा सागाच्या कापात निळसर काळा डाग लांबट उतरलेला दिसला तर तिथे लोखंड आहे असं धरून थांबा. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड मिळून तो रंग येतो.

मातीकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. शेतातून ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत चिखल आणि मुरूम रुतलेला असतो. पहिल्या दोन कापांतच तो धार संपवतो. आदल्या संध्याकाळी ओंडका पाण्याने धुवा, आणि जिथून ब्लेड आत शिरणार आहे तिथली साल वाकसाने तासून काढा.

ओंडका कसा लावायचा

सागाचा ओंडका बुंध्याकडे जाड आणि शेंड्याकडे बारीक असतो. तो नुसता बेडवर टाकून कापला तर ब्लेड गाभ्याला तिरपं जातं, आणि फळीतल्या रेषा अर्ध्यावरून कडेला पळतात. बारीक टोक खालून जॅकने उचला आणि दोन्ही टोकांना खोडाचा मध्य बेडपासून सारख्या उंचीवर आणा. मग पहिला काप.

सगळ्या फळ्या एकाच बाजूने काढत जाणं ही दुसरी चूक. उभ्या झाडाच्या खोडात ताण असतो, आणि कलून वाढलेल्या झाडात तर फारच. एका बाजूचं लाकूड काढलं की उरलेला भाग धनुष्यासारखा वाकतो. एका बाजूच्या दोन फळ्या, ओंडका उलटा, दुसऱ्या बाजूच्या दोन, असं करत या. ओंडक्याचा अगदी मध्य जिथे येतो ती फळी तडकणारच. ती दाराच्या पॅनलसाठी देऊ नका, तिथून फोडून दोन अरुंद पट्ट्या करा. फांद्यांच्या फळ्या काढायचा मोह टाळा, त्या वाळताना पिळतात.

माप: खाच विसरू नका

मशीनच्या मापपट्टीवर ब्लेड २५ मिमी खाली उतरवलं म्हणजे २५ मिमीची फळी मिळेल असं नसतं. ब्लेडचे दात दोन्ही बाजूंना मोकळे केलेले असतात, त्यामुळे कापाची खाच दोन ते अडीच मिमी जाते. हाती उरते साडेबावीसची फळी. ती वाळून आखडते, मग रंधा. इंचभर तयार फळी हवी असेल तर मी ओली फळी २९ मिमीची ठेवतो, म्हणजे मशीन साडेएकतीस मिमी उतरवतो.

गिऱ्हाइकाचं भांडणही बहुतेक मापावरूनच होतं. लाकडाच्या बाजारात गोलाई चारने भागून वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. ४८ इंच गोलाईचा आठ फुटी ओंडका या हिशेबाने आठ घनफूट. खरं आकारमान दहा घनफुटांच्या थोडं वर असतं, म्हणजे सालीकडची जवळपास एकवीस टक्के तूट त्या सूत्रातच धरलेली आहे. पण खाच, पोकळ भाग आणि सागाचा बाहेरचा पांढरा भाग त्यात धरलेला नाही. हे कापायच्या आधी, ओंडक्यापाशी उभं राहून समजावून सांगा.

दुपट्टा

उन्हाळ्यात आपल्याकडे डोक्या-तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. मशीनजवळ मात्र त्याचं लोंबतं टोक जीव घेऊ शकतं. टोपी घाला, किंवा दुपट्टा पूर्ण आत खोचून शर्टाची बटणं लावा. ओंडका फिरवताना इंजिन बंद. ब्लेडची घडी करताना जाड हातमोजे आणि चष्मा, कारण ते स्प्रिंगसारखं उसळतं. कापणीच्या वेळी तोंडावर मास्क हवाच. सागाच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळ येतं, दम लागतो.

कागदपत्रं आधी

यंत्र लहान आहे, चाकांवर आहे, म्हणून परवाना लागत नाही असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये नव्या आरागिरण्यांवर बंधनं घातली, आणि २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर हा विषय राज्यस्तरीय समितीकडे आहे. मशीन विकत घ्यायच्या आधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारा. स्वतःच्या शेतातला साग असला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, आणि वाहतुकीचा पास हवा. शहरातल्या झाडासाठी १९७५ चा कायदा आणि महानगरपालिकेची परवानगी. ओंडक्यासोबत कागद नसतील तर आम्ही तो गाडीतून उतरवूनच घेत नाही.

खरी नासाडी कापल्यानंतर होते

कापण्यात जितकं लाकूड बिघडतं त्याहून जास्त आपल्याकडच्या उन्हाने बिघडतं. माझ्या पहिल्या वर्षी मी ही चूक केली. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या भाजणाऱ्या उन्हात, एका शेतकऱ्याच्या सागाच्या अठरा फळ्या कापल्या आणि भिंतीला उभ्या लावून ठेवल्या, लवकर वाळतील म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी टोकांना वीतभर तडे होते, आणि दोन फळ्या तर हाताच्या पंज्यासारख्या फाटलेल्या. त्या माणसाचा पडलेला चेहरा मी विसरलेलो नाही.

टोकांमधून पाणी फळीच्या पृष्ठभागापेक्षा कित्येक पट वेगाने निघून जातं. म्हणून ओंडका पडला त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइल पेंट जाडसर लावा. काही नसेल तर शेण-मातीचा लेप द्या, जुनी माणसं तेच करत आली आहेत. जमलं तर नोव्हेंबर ते जानेवारीत कापा. तेव्हा हवा कोरडी असते पण ऊन भाजत नाही. पावसाळ्यात आंब्याचा ओंडका तर आठवडाभरही ठेवू नका, बुरशीने निळाकाळा पडतो. आंब्याच्या ओल्या फळ्या कापल्याबरोबर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यातून काढा, नाहीतर वर्षभरात भुंगा लागून पीठ गळायला लागेल.

थप्पी सावलीत, पण वारा लागेल अशी. खाली वाळवीपासून फूट-दीड फूट उंची. दोन फळ्यांच्या मधे वाळलेल्या लाकडाच्या पाऊण इंची पट्ट्या, दर दीड-दोन फुटांवर, आणि वरपासून खालपर्यंत एकाच उभ्या ओळीत. ओळ चुकली की वरचा भार मधेच पडतो आणि खालच्या फळीला कायमचा बाक येतो. ओल्या पट्ट्या वापरल्या तर फळीवर आडवे डाग उमटतात, ते रंध्यानेही जात नाहीत. वर दगड किंवा सालपटांचं वजन ठेवा. एप्रिल-मे मध्ये पश्चिमेकडून लूची झळ येते, त्या बाजूला गोणपाट बांधा.

काकाजींचे पाच साग आम्ही नोव्हेंबरातच कापले, त्याच दिवशी टोकं रंगवली आणि थप्पीवर खडूने तारीख लिहिली. दर महिन्याला ते येतात, फळीवर हात फिरवतात, टोकाशी वाकून तडा शोधतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ओलावा मोजायचं मीटर चौदा टक्क्यांवर आलं. सुताराला अक्षय्य तृतीयेनंतरची वेळ दिली आहे.