ओहोटीला मुंबईचा किनारा बघायचा तर

आधी तिथी बघा. आमच्या आजीचा हिशेब : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी पहाटे सहाच्या सुमारास. हिशेब ढोबळ आहे, निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघाच. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, जाऊ नका; पाणी फारसं हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे दोन-तीन दिवस उत्तम.

पहिल्यांदा एकटं जाण्यापेक्षा ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या फेरीत जा. २०१७पासून ही मंडळी हाजी अली, गिरगाव, जुहू असे किनारे दाखवतात. मी चपला घालून गेले आणि कालवांवर पाय कापून घेतला. मागे पट्टा असलेले, न घसरणारे बूट घाला. दगड उलटलात तर तसाच परत ठेवा, खाली कुणाचं तरी घर असतं. प्रवाळाला तर हातही लावू नका, त्याला कायद्याचं संरक्षण आहे.

वाटेत खारफुटीत राडारोडा टाकलेला दिसला तर फोटो काढा, जवळची ठळक खूण टिपा आणि महापालिकेच्या १९१६वर कळवा. तक्रार क्रमांक लिहून घ्या. मी एकदा विसरले, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

मुलं सोबत असतील तर ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र बरं. हिवाळ्यात तिथून ठाणे खाडीत रोहित पक्षी बघायला बोट सुटते. तीही भरतीच्या वेळेनुसार, तेव्हा पुन्हा पाऊणपट आलीच.