ऑनलाइन मदतीचे आवाहन कसे करावे: कोल्हापुरातील लहान संस्थांसाठी

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा कोल्हापूरकडे मदतीचा ओघ लागला, कारण संकट सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. पूर ओसरल्यावर शाळेची कपाटे आणि मुलांची दप्तरे पुन्हा उभी करायची असतात, तेव्हा मात्र पैसे मागावे लागतात. अशा वेळी माणूस कशामुळे देतो, हे आवाहन लिहिण्याआधी समजून घ्यावे.

गरज एका माणसापुरती सांगावी. स्मॉल, लोवेन्स्टाइन आणि स्लोविक या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आफ्रिकेतील माली देशातील रोकिया या सात वर्षांच्या मुलीविषयी वाचणाऱ्यांनी, लाखो भुकेल्यांची आकडेवारी वाचणाऱ्यांपेक्षा अधिक पैसे दिले. आणि मुलीच्या माहितीला आकडेवारी जोडली तेव्हा देणगी उलट घटली. म्हणून ‘शिरोळ तालुक्यातील पूरग्रस्त विद्यार्थ्यांना मदत करा’ असे न लिहिता, आठवीतल्या एका मुलीची पुस्तके भिजली असून वह्या, दप्तर आणि गणवेश यांना किती रुपये लागतील, ते लिहावे. मुलीचा चेहरा किंवा नाव मात्र देऊ नये; तिला उद्या त्याच वर्गात बसायचे आहे, आणि तिची लाज आपल्या निधीपेक्षा मोठी आहे.

संदेश संस्थेच्या नावाने सर्वत्र पाठवण्यापेक्षा निवृत्त शिक्षक, तालमीतील कार्यकर्ते किंवा जुने वर्गमित्र यांनी आपापल्या ओळखीच्यांना स्वतःच्या शब्दांत पाठवावा, कारण माणूस बहुधा मागणाऱ्याच्या शब्दावर देतो.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर संस्थेचेच नाव दिसले पाहिजे. तेथे एखाद्या पदाधिकाऱ्याचे खासगी नाव आले, तर देण्याची इच्छा असलेला माणूसही तेथेच थबकतो, आणि त्याचे थबकणे रास्तच आहे.

करसवलत हे बहुतेकांचे मूळ कारण नसते, तरी देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी (आयकर कायदा १९६१ मधील कलम ८०जी) असल्यास तसे स्पष्ट लिहावे. ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला लागू होत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांकडून रक्कम स्वीकारण्यासाठी एफसीआरए (परदेशी देणग्यांविषयीचा कायदा) खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती नसल्यास त्यांना नम्रपणे नकार द्यावा.

खरेदी झाल्यावर दुकानाच्या बिलाचा फोटो, जमा आणि शिल्लक प्रत्येक देणगीदाराला, शंभर रुपये देणाऱ्यालाही, न मागता पाठवावी. रक्कम उरली असेल, तर ती कोणत्या कामाला वापरावी, हे त्यांनाच विचारावे.