बाळाच्या कपाळावर लालजांभळा डाग आहे? आधी डोळे दाखवा
जन्मतःच कपाळावर, पापणीवर सपाट लालजांभळा डाग दिसला की आपल्या जळगाव-धुळ्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, ग्रहणात विळी हातात घेतली होती का गं? सुनेला नका छळू. हा स्टर्ज-वेबर असू शकतो, म्हणजे त्वचा, डोळा आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा जन्मजात आजार, बाळ पोटात असतानाच जीएनएक्यू नावाच्या जीनमध्ये बदल होतो, आईबापाकडून येत नाही, २०१३ मध्येच हे कळलंय.

डाग आहे म्हणजे आजार आहेच असं नाही, पण डोळ्याचं प्रेशर लगेच मोजून घ्या, आणि नॉर्मल आलं तरी पुन्हा पुन्हा मोजा कारण काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. एक बुबुळ मोठं दिसतंय, डोळा सारखा गळतोय, उजेडात मिटतोय, तर थांबूच नका.

मेंदूवर परिणाम असेल तर झटके (फिट) बहुतेक पहिल्या वर्षातच सुरू होतात, डाग उजवीकडे तर झटका सहसा डाव्या हातापायाला. तेव्हा कांदा-चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचा नाही, कुशीवर वळवा, घड्याळ बघा, ५ मिनिटांच्या वर गेलं की सरळ दवाखाना. कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरला लय कामाचा.

भुसावळच्या उन्हाळ्यात दूध-पाणी कमी पडू देऊ नका, तापाने आणि अंगातलं पाणी कमी झाल्याने झटके वाढतात. लेझरने डाग फिका होतो, बऱ्याच सिटिंग लागतात.