स्किन इन्फेक्शन बॅक्टेरियाचं आहे का, हे कसं ओळखायचं

आधी एक विनंती, काहीही लाल दिसलं की घरात पडलेली ट्यूब चोपडू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली तात्पुरती कमी दिसते, आत इन्फेक्शन पसरत राहतं आणि मग डॉक्टरांनाही खरं काय ते ओळखणं अवघड जातं.

१. चांगल्या उजेडात बघा, हात धुऊन हाताच्या मागच्या बाजूने चाचपा. गरम, सुजलेलं, दुखरं, कधी पू, असं असेल तर बॅक्टेरियाचा संशय घ्यायचा. सावळ्या रंगावर लाली नीट दिसत नाही, जांभळट किंवा काळपट वाटते, म्हणून तिथे स्पर्शावरच जास्त भरवसा ठेवा. नुसती खाज आणि गोल चट्टा, कडेला उठलेला नि मध्ये साफ, तर ते बहुतेक गजकर्ण, म्हणजे फंगल. एकाच बाजूला पट्ट्यात पाण्याचे फोड आणि आग होत असेल तर नागीण, ती व्हायरसची.

२. आता किती खोल आहे ते बघा. नाका-तोंडाजवळ मधासारख्या पिवळ्या खपल्या, त्यातही लहान मुलांना, म्हणजे इम्पेटिगो, अगदी वरच्या थराचा पण झपाट्याने पसरणारा, त्यामुळे टॉवेल लगेच वेगळा करा. केसाच्या मुळाशी बारीक पुळी म्हणजे फॉलिक्युलायटिस, तीच खोल गेली की ठणकणारं गळू होतं. गळू पिळायचं नाही, विशेषतः नाक आणि वरच्या ओठाजवळचं. गळवं परत परत येत असतील तर शुगर तपासून घ्या.

३. पाय लाल, गरम आणि सुजलेला असेल तर सेल्युलायटिस, म्हणजे कातडीच्या खोल थरातलं बॅक्टेरियाचं इन्फेक्शन, असू शकतो. हा बहुतेक वेळा एकाच पायाला होतो, दोन्ही पाय एकदम सारखेच लाल झाले असतील तर कारण बहुधा वेगळं असतं. पण एकाच पायाची सूज आणि दुखणं शिरेत रक्ताची गाठ झाल्यानेही येतं, म्हणून हे घरी ठरवत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. लालीच्या कडेने पेनने रेघ मारून वेळ लिहून ठेवा, म्हणजे लाली किती सरकली ते डॉक्टरांना नेमकं कळतं.

४. दिसतंय थोडंसं पण दुखतंय असह्य, कातडी काळी-निळी पडतेय, दाबल्यावर आत कुरकुर वाजल्यासारखं लागतंय, किंवा ताप येऊन माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय, तर सरळ इमर्जन्सीत जा. असं इन्फेक्शन आत तासातासाला पसरतं. डोळ्याभोवती सूज येऊन डोळा हलवताना दुखत असेल किंवा कमी दिसत असेल तरीही थांबू नका.

५. डॉक्टर बहुतेक वेळा बघूनच निदान करतात. पू असेल तर कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये त्यातले बॅक्टेरिया वाढवून बघायला पाठवतात, त्यातून कुठला बॅक्टेरिया आहे आणि कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल ते कळतं, रिपोर्टला साधारण दोन-तीन दिवस लागतात. जुन्या चिठ्ठीवरच्या गोळ्या आधीच घेतल्या असतील तर कल्चरमध्ये काहीच न उगवण्याची शक्यता असते, म्हणून काय काय घेतलं आणि लावलं ते सगळं डॉक्टरांना सांगा.