भाच्या-पुतण्याला ऑटिझम आहे? मग काका-मावशी-शेजाऱ्यांनी हे करा

ऑटिझम (बोलणं, लोकांत मिसळणं, आवाज-स्पर्श सोसणं हे सगळं वेगळं असतं) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं, एका जागी बसणं अवघड जातं) असलेल्या पोरांच्या आईबापाला काय करायचं ते सांगणारे पावलापावलावर भेटतात, म्हणून हे त्यांच्यासाठी लिहीत नाहीये, हे आजूबाजूच्यांसाठी आहे, काका, आत्या, मावशी, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांसाठी. माझा भाचा ऑटिस्टिक आहे आणि बहिणीचं घर जवळून बघितल्यावर मला पक्कं पटलंय की अशा घरात सल्ला देण्यापेक्षा एखादं काम अंगावर घेतलेलं जास्त उपयोगी पडतं.

आधी भाषेचं बोलू. आपल्या सोलापुरात घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारी कन्नड, टीव्हीवर हिंदी हे नेहमीचंच आहे, आणि पोरगं बोलंना झालं की कुणीतरी म्हणणारच, "इतक्या भाषा कानावर पडल्यावर गोंधळणारच की ओ, घरात एकच बोला." असं नसतं. दोन-तीन भाषा ऐकून ऑटिझम होत नाही, आणि ऑटिझम असलेली पोरंही दोन भाषा शिकू शकतात. आजीला फक्त तेलुगू येत असेल आणि तिलाच गप्प बसवलं तर पोराशी मोकळं बोलणारं एक हक्काचं माणूस कमी होतं, बाकी काही साधत नाही. लसीमुळेही ऑटिझम होत नाही, आई नोकरीला जाते म्हणून तर अजिबात नाही, तेव्हा ते विषय काढूच नका.

"आमचा पण उशिरा बोलला, बोलंल की" हेही प्रेमानं म्हटलं जातं पण त्यात वर्ष जातं. वर्षाचं होऊनही नाव घेतल्यावर वळत नाही, दीड वर्षाचं झालं तरी हवं ते बोटानं दाखवत नाही, येत असलेले शब्द गेले, असं दिसलं की दाखवून घ्या. साधारण दोन वर्षांच्या वयात अनुभवी डॉक्टर ऑटिझम ओळखू शकतात, आणि स्पीच थेरपी सुरू करायला पक्क्या निदानाचा कागद हातात यायची वाट बघायची गरज नसते. पैशाची अडचण असेल तर अंगणवाडीताईंना विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येते, तिथून पुढच्या तपासणीला पाठवतात, किंवा थेट सिव्हिलला चौकशी करा.

कागदपत्रांच्या वेळी तर तुमची खरी गरज असते. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरायचा, मग तपासणी, आणि रांगेत पोराला धरून उभं राहणं म्हणजे आईची परीक्षाच. तुम्ही एक दिवस सुट्टी टाका, एकजण रांगेत, एकजण पोराला घेऊन बाहेर झाडाखाली, पाण्याची बाटली आणि त्याचं आवडतं खेळणं सोबत. 2016 च्या दिव्यांग कायद्यात जी 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत त्यात ऑटिझम आणि लर्निंग डिसेबिलिटी (वाचन, लेखन, गणित शिकायला जड जाणं) आहे, एडीएचडीचं नाव वेगळं नाही, आणि बहुतेक सवलतींना 40 टक्के किंवा जास्त असं प्रमाणपत्र लागतं. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, 1 लाखापर्यंत, ऑटिझमला चालते आणि थेरपीचा खर्चही त्यात धरतात. तो फॉर्म तुम्ही बसून भरून दिलात तरी लई झालं.

आता गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रा आली की आख्खं सोलापूर नंदीध्वजांची (उंच सजवलेल्या काठ्यांची) मिरवणूक बघायला रस्त्यावर आणि मग होम मैदानावर, आणि हेच घर दाराला कडी लावून बसतं कारण पोराला तो आवाज सोसत नाही. न्यायचंच असेल तर असं करा. दोन दिवस आधीपासून पाळण्यांचे, गर्दीचे फोटो दाखवा, दुपारी गर्दी नसताना न्या, कानावर हेडफोन, खिशात ओळखीचा खाऊ, आणि निघायचं कधी ते आधीच ठरवा, एकच पाळणा बसून परत आलात तरी चालेल. दारूकामाच्या रात्री त्याला बळंच नेऊ नका. त्यापेक्षा तुम्ही पोराजवळ घरी थांबा आणि त्याच्या बहिणीला आईबापासोबत जाऊ द्या, या बहिण-भावंडांना आईबाप पूर्ण वाट्याला येतच नाहीत कधी.

आवाजाचं गणित प्रत्येक पोराचं निराळं असतं. भाचा शेजारच्या मागाच्या खडखडाटात निवांत झोपतो पण मिक्सर सुरू झाला की दोन्ही तळवे कानावर घट्ट दाबून कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत जाऊन बसतो, म्हणून आम्ही मिक्सर लावायच्या आधी त्याला मिक्सरचं चित्र दाखवतो आणि मग लावतो.

नवी पेठेत भर दुकानात पोरगं जमिनीवर पडून ओरडायलाय असं दिसलं तर बघत उभं राहू नका, "दोन द्या ठेवून" तर नकोच, तो हट्ट नसतो, त्याला सगळंच असह्य झालेलं असतं. आईला हळू विचारा, "ताई, पिशव्या धरू का?" गर्दी जरा मागं सरकवा, पोराला प्रश्न विचारू नका, हात धरून ओढू नका. काहींना घट्ट मिठी किंवा चादरीत गुंडाळलेलं आवडतं, काहींना स्पर्शच नको असतो, ते आईलाच माहीत.

आणि "काही लागलं तर सांग गं" असं म्हणून सोडू नका, कुणी सांगत नाही. "रविवारी चार ते सहा मी येते, तू झोप" असं थेट सांगा, आधी एक-दोनदा आई घरात असताना बसा म्हणजे पोराला सवय होईल, आणि जमणार नसेल तर आदल्या दिवशीच कळवा कारण या पोरांना ठरलेलं मोडलं की फार त्रास होतो.

शाळेचं थोडक्यात. पहिल्या बाकावर, दारा-खिडकीपासून लांब जागा, एका वेळी एकच सूचना, मधे उठून पाणी पिऊन यायची मुभा, एवढं बाईंनी केलं तरी फरक पडतो. दहावी-बारावीला बोर्डाकडून जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात पण प्रमाणपत्र लागतं, म्हणून आठवीतच मुख्याध्यापकांना भेटून कुठले कागद लागतील ते लिहून घ्या, बापाला कामावरून सुट्टी मिळत नसेल तर तुम्ही जा.